बायपासच्या टेबलावरचा इको आणि घरी आल्यानंतरचे तीन महिने

वाचकांचे प्रश्न: हृदय आणि शस्त्रक्रिया

वडिलांची बायपास झाली. बिलात ‘टीईई’ची वेगळी रक्कम लावली आहे. आठ दिवस आधीच इको झाला होता, मग छाती उघडल्यावर पुन्हा कशासाठी? त्याने पेशंट लवकर बरा होतो का? (सांगली)

आधीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, छातीवरून झालेला असतो. मध्ये बरगड्या आणि फुप्फुसातली हवा येते. टीईई म्हणजे अन्ननलिकेतून केलेला इको. भूल देऊन श्वासाची नळी बसली की भूलतज्ज्ञ करंगळीएवढ्या जाडीचा, जेल लावलेला प्रोब (ध्वनिलहरींनी चित्र घेणारी नळी) तोंडातून आत सरकवतात. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला मागून चिकटून जाते, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं. शिवाय सर्जनच्या हातांना अडथळा न होता ते अखेरपर्यंत बघता येतं.

पहिलं काम हृदयाची प्रत्येक भिंत कशी हलते ते टिपून ठेवणं. ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्यापलीकडे रक्त नेणारी नवी वाहिनी, जोडल्यावर पुन्हा तेच बघतात. आधी नीट आकुंचन पावणारी भिंत आता थबकली असेल, तर त्या भागाला रक्त देणाऱ्या ग्राफ्टवर संशय घ्यायचा आणि छाती बंद करायच्या आधी तो तपासायचा. ईसीजीत बदल दिसायच्या आधी भिंत बोलते, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरं काम रक्तदाब कोसळल्यावरचं. मॉनिटरवर आकडा एकच दिसतो, ७० वर ४०. पण कारणं वेगळी आणि उपचार एकमेकांच्या उलट. कप्पा रिकामा दिसला तर रक्त किंवा सलाईन हवं. कप्पा फुगलेला आणि आकुंचन मंद असेल तर हृदयाला जोर देणारं औषध हवं. क्वचित, जाड भिंतीच्या हृदयात मायट्रल झडपेचा (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा) पडदा रक्ताच्या बाहेर जायच्या वाटेवर ओढला जातो. तिथे ॲड्रेनॅलिन वाढवलं तर वाट आणखी अरुंद होते आणि दाब अजून पडतो. हा फरक अंदाजाने ओळखणं अवघड, चित्रात मिनिटभरात कळतो.

एक सापळाही आहे. भुलेत रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे मायट्रल झडपेची गळती खरी असते त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून झडप दुरुस्त करायची की नाही हे शुद्धीतल्या इकोवरून आधीच ठरवायचं. टेबलावर बघायचंच असेल तर औषधाने दाब नेहमीच्या पातळीवर आणून बघतात.

आता खरा प्रश्न. अमेरिकेतल्या सर्जनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत टीईई झालेल्या बायपास पेशंटांमधले मृत्यू थोडे कमी आढळले. पण त्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हे. जिथे टीईई होतो तिथे बाकीची व्यवस्थाही चांगली असू शकते. झडपेच्या शस्त्रक्रियेत तो जवळजवळ अनिवार्य मानतात. निव्वळ बायपासमध्ये कमजोर पंपिंग (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं ते), झडपेची गळती किंवा गंभीर अवस्थेतला पेशंट असेल तर आम्ही तो आग्रहाने करायला सांगू. पंपिंग ६० टक्के आणि झडपा निरोगी असतील तर फायदा कमी असतो. तो नाही केला म्हणून हलगर्जी झाली असं नाही.

धोका कमी, पण शून्य नाही. घसा दोन दिवस दुखतो, हलणारा दात निखळू शकतो. अन्ननलिकेला इजा फार क्वचित होते. म्हणून घास अडकतो का, अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झाली आहे का, यकृताच्या आजाराने रक्ताची उलटी झाली होती का, हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा. कवळी काढून ठेवा. ऑपरेशननंतर गिळताना छातीत दुखून ताप येऊ लागला तर ‘घसा धरलाय’ म्हणून थांबू नका.

आईच्या डिस्चार्ज कार्डावर ‘लिमा-एलएडी ४२ मिली, पीआय २.१, एसव्हीजी-पीडीए १८ मिली, पीआय ४.८’ असं लिहिलंय. १८ म्हणजे एक ग्राफ्ट खराब गेला का? (नाशिक)

आकडे कार्डावर उतरवले, ही चांगली सवय आहे. बऱ्याच ठिकाणी ते थिएटरच्या कागदातच राहतात.

लिमा ही छातीतली डावी धमनी, एसव्हीजी ही पायातून काढलेली शीर. एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भिंतीला, तर पीडीए खालच्या भिंतीला रक्त देणारी धमनी. प्रवाह मोजायला ग्राफ्टभोवती चिमट्यासारखा छोटा प्रोब बसवतात. त्यातून ध्वनिलहरी रक्ताच्या दिशेने आणि उलट दिशेने सोडतात. दोन्ही प्रवासांच्या वेळेतल्या फरकावरून मिनिटाला किती मिली रक्त जातंय ते कळतं. पीआय म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी प्रवाहातला फरक भागिले सरासरी. पुढे वाट अडली असेल तर रक्त पुढे-मागे हिंदकळतं आणि पीआय चढतो. युरोपीय मार्गदर्शनात २० मिलीच्या खालचा प्रवाह आणि ५ च्या वरचा पीआय संशयास्पद मानतात. डाव्या बाजूच्या ग्राफ्टना काही सर्जन पीआयची मर्यादा ३ हीच धरतात.

म्हणजे आईंचा लिमा उत्तम. पीडीएचा ग्राफ्ट सीमारेषेवर. पण १८ हा आकडा एकटा वाचायचा नसतो. मोजताना सरासरी रक्तदाब ६० होता की ८०? प्रोब मोठा पडला होता का, जेल कमी होतं का? ज्या धमनीला जोडलं ती दीड मिलिमीटरची असेल, किंवा पलीकडचा स्नायू जुन्या अटॅकने व्रण झालेला असेल, तर तो रक्त मागतच नाही. मूळ धमनीतला अडथळा ७० टक्क्यांहून कमी असेल तर तिच्यातूनही रक्त येतं आणि ग्राफ्टला टक्कर देतं. मूळ धमनी क्षणभर दाबून ग्राफ्टचा प्रवाह वाढला, तर दोष टाक्यात नाही, टक्करीत आहे.

खरी चूक असते तेव्हा ती बहुधा याच जागी सापडते: शिरेला पीळ पडलाय, लांबी जास्त होऊन ती वळलीये, किंवा जोडाच्या टोकाला टाक्याने मागची भिंतही पकडलीये. अशा वेळी जोडावर थेट छोटा अल्ट्रासाऊंड प्रोब टेकवला तर आतलं तोंड दिसतं. ‘रिक्वेस्ट’ नावाच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रवाहमापन आणि अल्ट्रासाऊंड दोन्ही वापरल्यावर १,०१६ पेशंटांपैकी सुमारे चौथाई जणांच्या शस्त्रक्रियेत काही ना काही बदल केला गेला. हे सगळे बदल म्हणजे चुकलेले टाके नव्हेत, त्यात महाधमनी हाताळण्याची पद्धत बदलणंही आलं.

फॉलोअपला सर्जनना तीन गोष्टी विचारा: मोजताना दाब किती होता, मूळ अडथळा किती टक्के होता आणि शेवटच्या इकोत खालची भिंत नीट हलत होती का. ती हलत असेल आणि आईंना छातीत त्रास नसेल तर १८ वर झोप उडवू नका.

उलटंही खरं आहे. टेबलावर छान वाहणारा ग्राफ्ट पुढेही चालेलच असं नाही. लिमा दहा वर्षांनीही दहातल्या साधारण नऊ जणांत चालू असतो. शिरेचे ग्राफ्ट तोवर निम्म्याच्या आसपास उरतात, आणि त्यांतले काही पहिल्या वर्षातच बंद पडतात.

काकांना बायपासनंतर दुसऱ्या दिवशी पक्षाघात झाला. टेबलावर इको चालू होता, तरी दिसलं नाही? (ठाणे)

टीईईला एक आंधळी जागा आहे. महाधमनीच्या वर जाणाऱ्या भागासमोर श्वासनलिका येते आणि तिच्यातल्या हवेमुळे नेमका तोच भाग झाकला जातो, जिथे हार्ट-लंग मशीनची नळी घालतात आणि चिमटा लावतात. तिथल्या भिंतीवर चुन्याचा किंवा मऊ चरबीचा थर असेल तर चिमट्याने तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. यावर उपाय म्हणजे निर्जंतुक पिशवीत घातलेला प्रोब थेट महाधमनीवर ठेवून तपासणं. पाच मिनिटांचं काम. थर जाड निघाला तर चिमट्याची जागा बदलतात किंवा महाधमनीला हात न लावता, धडधडत्या हृदयावर, छातीतल्या धमन्यांवरच सगळे ग्राफ्ट बांधतात. वय सत्तरीपुढे असेल, धूम्रपान असेल किंवा मानेच्या धमन्यांत अडथळा असेल तर ही तपासणी होणार का, हे आधी विचारावं. मात्र काकांच्या बाबतीत हेच कारण होतं असं म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशीचा झटका दाब कमी राहिल्याने किंवा ठोके अनियमित होऊन झालेल्या गुठळीनेही येतो.

डिस्चार्जनंतर घरी नेमकं काय बघायचं? शेजारच्यांना पंधरा दिवसांत पुन्हा भरती करावं लागलं. (सातारा)

पुन्हा भरती होण्यामागे ग्राफ्ट बंद पडणं क्वचित असतं. पाणी साठणं, ठोके बिघडणं आणि जखम, ही तीन कारणं जास्त.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते अन्नाचं नाही, पाण्याचं आहे. फोन करा. पापड-लोणचं त्या महिन्यात बाजूला ठेवा.

ठोके अनियमित होणं साधारण प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पेशंटात होतं, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पण घरी गेल्यावरही होतं. मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ताल तुटक आणि ११० च्या वर असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा. ठोके कमी करणारी गोळी स्वतःहून बंद केल्यावर हे उद्भवण्याची शक्यता वाढते.

उताणं झोपल्यावर धाप लागत असेल तर बहुधा डाव्या फुप्फुसाभोवती पाणी आहे. एक्स-रे किंवा सोनोग्राफीत ते दिसतं. याहून घातक म्हणजे हृदयाभोवती हळूहळू साठणारं पाणी किंवा रक्त, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेशंट एकदम गळून जातो, दाब उतरतो, लघवी कमी होते. ‘अशक्तपणा आहे, फळं द्या’ असं म्हणून दोन दिवस घालवू नका. छातीवरचा साधा इको त्याच दिवशी व्हायला हवा.

छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेहात जास्त. खोकताना उशी छातीशी धरा. उठताना हातावर भार देऊ नका, कुशीवर वळून पाय खाली सोडा. उकिडवं बसायचा संडास असेल तर खुर्चीचा कमोड आणा. पाण्याची कळशी, नातवंड, एसटीचा दांडा, दुचाकी, सगळं तीन महिने लांब. हाडात ‘कट्’ असा आवाज येणं, जखमेतून पाणी येणं किंवा १००.४ फॅरनहाईटच्या वर ताप, यांतलं काहीही झालं तर मलम लावत बसू नका. साखर १८० च्या आत ठेवली तर जखम वाचते.

ज्या पायाची शीर काढली तो सुजतोच. बसताना पाय स्टुलावर ठेवा, पायमोजा दिवसा घाला. पण पोटरी ताठ, गरम आणि दुखरी झाली तर डॉप्लर (शिरेतली गुठळी दाखवणारी सोनोग्राफी) करा.

वर्ष झालं की सीटी अँजिओग्राफी करून ग्राफ्ट बघून घ्यावेत का? (मडगाव)

त्रास नसेल तर नको. सीटीत शिरेचे ग्राफ्ट छान दिसतात, पण मूळ धमन्या चुन्यामुळे आणि धातूच्या क्लिपांमुळे धूसर येतात, आणि रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. बंद सापडलेला पण त्रास न देणारा ग्राफ्ट बहुतेकदा उघडायचाही नसतो. छातीत पुन्हा दुखू लागलं, चालण्याची क्षमता घटली, तर गोष्ट वेगळी. सीटीऐवजी तीन महिन्यांनी साधा इको चुकवू नका. पंपिंग आधी कमी असेल तर ते किती सुधारलं हे तेव्हाच कळतं. औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही ते ३५ टक्के किंवा त्याखाली राहिलं, तर जीवघेण्या ठोक्यांपासून वाचवणारं आयसीडी यंत्र बसवायचं का हा निर्णय त्या इकोवर घेतात. त्या दिवशी ऑपरेशनचं कार्ड, ग्राफ्टच्या आकड्यांसह, सोबत न्या.