हवामानबदल आणि ऊर्जा-संक्रमणावरचे (कोळशासारख्या इंधनांकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यावरचे) शोधनिबंध विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला मोफत कसे वाचता येतील?

बरेचसे वाचता येतात, मात्र थोडी शोधाशोध करावी लागते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुमारे 13,000 संशोधन-नियतकालिके खुली करते. पण ती सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी असल्याने स्वतंत्र पत्रकार किंवा ग्रामपंचायत सदस्य तिच्या बाहेरच राहतो. म्हणून आधी शीर्षक गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या मोफत शोधयंत्रावर टाकून निबंधाच्या सर्व आवृत्त्या पाहाव्यात, कारण लेखकाने आपल्या संस्थेच्या संग्रहात ठेवलेली प्रत अनेकदा तिथेच सापडते. न सापडल्यास लेखकाला सरळ ईमेल करावा, संशोधक सहसा आनंदाने प्रत पाठवतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीचे अहवाल मुळातच मोफत आहेत, आणि सहाव्या अहवालातील प्रकरणांना जोडलेली प्रश्नोत्तरे, माझ्या मते, धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशापेक्षा अधिक सुबोध आहेत, कारण त्या सारांशाची ओळ न् ओळ सरकारांच्या संमतीने ठरते. भाषेचा अडसर मात्र उरतोच: चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रांतील कामगारांच्या भवितव्याशी निगडित अभ्यासही बहुधा इंग्रजीतच निघतात. अशा संशोधनाला निधी देणाऱ्यांनी दोन पानी मराठी सारांश सक्तीचा करायला हवा.