निवृत्त औषधनिर्माण अधिकारी आणि रखडलेलं रजिस्ट्रेशन

प्रश्न: सुरगाणा तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३१ वर्षं औषधनिर्माण अधिकारी होतो, आता निवृत्त होऊन नाशिकला आलोय. फार्मासिस्ट म्हणून असलेलं रजिस्ट्रेशन २००९ नंतर रिन्यू केलं नाही. खात्यात कुणी विचारलंच नाही. पंचवटीतले एक मेडिकलवाले म्हणतात, 'सर्टिफिकेट भिंतीवर लावू, रोज यायची गरज नाही.' हो म्हणू का?

उत्तर: भाऊसाहेब, या अटीवर नाही म्हणा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं, असं १९४५च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो. तुम्ही घरी आणि सर्टिफिकेट दुकानात, हे त्यात बसत नाही. अन्न व औषध प्रशासनाची तपासणी झाली तर दुकानाचा परवाना अडचणीत येतोच. शिवाय फार्मसी कायदा, १९४८च्या कलम ३६ खाली राज्याच्या फार्मासिस्ट रजिस्टरमधून तुमचं नाव निघू शकतं. ३१ वर्षं जपलेलं नाव महिन्याच्या भाड्यावर देऊ नका.

रोज काउंटरवर बसायची तयारी असली, तरी आज बसू नका. सेवापुस्तकातल्या नोंदी तुमचा अनुभव सांगतात, पण कायदा बघतो ते रजिस्टर. नूतनीकरण फी थकली की कलम ३४ प्रमाणे नाव काढलं जातं, आणि नाव नसताना चिठ्ठीवर औषध देणं हा कलम ४२ खाली गुन्हा आहे. त्याच कलम ३४ मध्ये काढलेलं नाव पुन्हा लावायची सोयही आहे. म्हणून नव्यानं रजिस्ट्रेशन मागू नका, जुनंच पूर्ववत करून घ्या.

हे रजिस्टर ठेवणाऱ्या महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलला तुमचा रजिस्ट्रेशन नंबर देऊन नावाची सद्यस्थिती लेखी विचारा. मग थकबाकी आणि पुनर्स्थापनेची फी भरा. डिप्लोमा, मूळ सर्टिफिकेट आणि सेवेचा दाखला हाताशी ठेवा. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ५ वर्षांत २ रिफ्रेशर कोर्सची अट आहे, तीही बघा.

तुम्ही पाठवलेल्या सर्टिफिकेटच्या प्रतीवर अजून आरोग्य केंद्राच्या क्वार्टरचा पत्ता आहे. कौन्सिलची नोटीस आली असेल तर तिथेच पडली असेल. त्याच अर्जात नाशिकचा पत्ता लावून घ्या.

नाव पुन्हा लागल्याचं पत्र आलं की मेडिकलवाल्यांकडून कामाच्या वेळा आणि पगार लिहून मागा. द्यायला कां-कूं करू लागले तर दुसरं दुकान बघा.