गिरणीत ऐकू येतं, घरात नाही

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 32, आमचं गाव केज तालुक्यात. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही कानांनी कमी ऐकू यायलंय, उजव्यानं जास्तच कमी. कान दुखत नाही, वाहत नाही. इथल्या डॉक्टरांनी बघितलं तर म्हणले पडदा चांगलाय, मळही नाही. आणि पिठाच्या गिरणीत मला सगळ्यांचं नीट कळतं, घरात शांततेत कळत नाही, म्हणून सासूबाई म्हणतात ही मुद्दाम करते. माझ्या आईलापण तिशीपासूनच कमी ऐकू येतं. एक जण म्हणतंय डायरेक्ट सीटी स्कॅन करा. करू का?

उत्तर: ताई, सीटीचं आत्ता राहू द्या, आधी सासूबाईंना हे वाचून दाखवा. गिरणीचं तुम्ही सांगितलं ते खरंय आणि मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं. गिरणीत समोरचा माणूस आपोआप आवाज चढवून बोलतो, तुमच्या कानाला मात्र ती घरघर इतरांएवढी जाणवत नाही, मग बोलणं बरोबर कळतं. त्यात पडदा चांगला, आईला तसंच, म्हणून माझा पहिला संशय ओटोस्क्लेरोसिसवर. मधल्या कानात तीन हाडं असतात, त्यातलं शेवटचं स्टेपिस, जेमतेम 3 मिलिमीटरचं, त्याच्या बुडाशी जादा हाड वाढतं आणि ते गंजलेल्या बिजागरीसारखं जाम होतं. बाळंतपणात हे वाढतं असं बऱ्याच बायका सांगतात, अभ्यासांचं त्यावर एकमत नाही. कानात तेल घालून काही होत नसतं, घालूच नका.

तुम्हाला अंबाजोगाई जवळ, तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. आधी 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजणारा धातूचा चिमटा, वाजवून कानासमोर आणि कानामागच्या हाडावर धरतील, चांगल्या कानाला समोरून मोठं ऐकू येतं, तुम्हाला बहुतेक उलटं होईल. मग ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवर ऐकण्याची तपासणी, तिच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यात हवेतून आणि हाडातून अशी दोन्ही तपासणी झाली पाहिजे, हे विचारूनच घ्या, कारण आलेखातल्या नुसत्या हवेच्या रेघेवरून दोष मधल्या कानाचा की नसेचा ते कळतच नाही. या आजारात दोन रेघांत अंतर पडतं आणि हाडाची रेघ बऱ्याचदा 2000 हर्ट्झला खाली वाकते. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानात हवेचा दाब देऊन केलेल्या पडद्याच्या तपासणीत, पडद्यामागं पाणी नाही ना ते दिसतं आणि सोबत स्टेपिसचा रिफ्लेक्स, म्हणजे मोठ्या आवाजाला त्याचा स्नायू आपोआप आखडतो का ते, बघतात, हाड जाम असेल तर तो सहसा येत नाही. पण तो आला आणि दोन रेघांत अंतरही असलं तर आतल्या कानाच्या नळीला भोक असू शकतं, तिथं मात्र सीटी लागतो. सुरुवातीचा छोटा आजार सीटीत कधीकधी दिसतही नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्यावर पैसे घालू नका.

शंभर टक्के खात्री ऑपरेशनमध्ये हाड हलवून बघितल्यावरच होते. ऑपरेशन करायचं की ऐकायचं मशीन लावायचं हे ऑडिओग्राम हातात आल्यावर ठरवू, आईचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या.