हेल्मेटमधली खाज, काचेवरची वाफ आणि कोल्हापूरचा रस्ता

हेल्मेटमध्ये खाज सुटते, काचेवर वाफ धरते, अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. पुढच्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला प्रथमच मोटारसायकलने जायचे आहे, तर अशा बारीकसारीक त्रासांकडे दुर्लक्ष करण्याची सवय कशी लावावी, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली चौदा वर्षे पुणे आणि सातारा यांदरम्यान जवळपास दर आठवड्याला दुचाकीने ये-जा करतो. त्या अनुभवावरून सांगतो की दुर्लक्ष करण्याचा प्रयत्नच करू नका. खाज दाबून ठेवली की लक्ष रस्त्यावर न राहता त्या खाजेवरच खिळते, आणि ती तत्काळ भागवायला जाणे तर त्याहून वाईट. आधी वेग कमी करावा, पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे, आणि मगच हात उचलायचा की गाडी बाजूला घ्यायची हे ठरवावे.

डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी नीरेचा पूल ओलांडल्यावर माझ्या हेल्मेटमध्ये गांधीलमाशी शिरली. काच अर्धी उघडी होती. डाव्या कानापाशी गुणगुण ऐकू आली आणि गालावर काहीतरी चालत असल्याचे जाणवले. मी विचार न करता डावा हात उचलून हेल्मेटवर दोनदा आपटला. तेवढ्यात मान वळली, मानेबरोबर खांदा वळला, खांद्याबरोबर हँडल वळले, आणि नजर पुन्हा समोर गेली तेव्हा उसाची ट्रॉली, मागे दिवा नसलेली, अगदी पुढ्यात होती. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते, म्हणजे त्या दोन सेकंदांत मी तीसेक मीटर रस्ता न पाहता कापला होता. ब्रेक लागले म्हणून निभावले. माशीने चावा घेतलाच होता, पण ती सूज दोन दिवसांत उतरली. आज तसे घडले तर मी काच पूर्ण वर करीन, जेणेकरून वाऱ्याने कीटक निघून जाण्याची शक्यता राहील, दोन्ही हात हँडलवर ठेवून आरशात पाहीन, डावा इंडिकेटर देऊन कडेला थांबेन आणि मग हेल्मेट काढीन. त्या दहा-पंधरा सेकंदांत माशी चावली तर चावू द्यावी.

हात उचलण्यावाचून गत्यंतर नसेल तर तो डावाच असावा, कारण उजव्या हाताकडे अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो. तोही फक्त सरळ, मोकळ्या रस्त्यावर. वळणावर, घाटात किंवा एखादे वाहन ओलांडताना मुळीच नाही. खाजेसाठी बहुधा त्याचीही गरज पडत नाही. भुवया वरखाली केल्या किंवा जबडा हलवला तरी बरेचदा भागते. डोळ्यात कण गेला तर मात्र चोळू नका आणि एक डोळा मिटून पुढे जाऊही नका, कारण एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही. थांबून स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. त्यासाठी मी पाण्याची एक छोटी बाटली वेगळी ठेवतो.

काचेवर वाफ धरते ती श्वासातल्या ओलाव्यामुळे, आणि म्हणून आतून कापडाने पुसल्यावर ती काही मिनिटांतच परत येते. काच एक खाच उघडी ठेवून नाकाने श्वास सोडल्यास बराच फरक पडतो. मला चष्मा आहे, त्यामुळे पावसाळ्यात खंबाटकीच्या घाटात काच आणि चष्मा दोन्ही एकदम धुरकटत असत. आता मी काचेला आतून वाफरोधक फिल्म लावली आहे, आणि तरीही समोरचे दिसेनासे झाले तर सरळ थांबतो. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड फाकवते. ती बदलण्यात काटकसर करू नये. चिकटलेले किडे कोरड्या फडक्याने घासल्याने बरेचदा ते ओरखडे पडतात, म्हणून ओले फडके दोन-तीन मिनिटे काचेवर ठेवावे, किडे आपोआप सुटतात.

बोटांच्या मुंग्यांचे मूळ बहुतेक वेळा मुठीत असते. नवा चालक घाबरून हँडल आवळतो आणि अंगाचा भार मनगटांवर टाकतो. त्यात इंजिनाची थरथर मिसळली की बोटे बधिर होतात. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरे थोडी सैल ठेवा, हँडल सुटणार नाही इतकेच धरा. एवढे करूनही मुंग्या राहिल्या तर हँडल किंवा क्लचच्या लिव्हरचा कोन मेकॅनिककडून तुमच्या हाताला बसेल असा करून घ्या.

उरलेले बरेचसे त्रास निघण्याआधी पाच मिनिटांत मिटतात. सॅकचे फडफडणारे पट्टे, सैल रेनकोट, खिशात थरथरणारा फोन यांचा बंदोबस्त घरीच करावा. फोन मी बंद करून सॅकमध्ये टाकतो, कारण कोणाचा आला असेल हा विचारही लक्ष खेचतो. मागे कोणी बसणार असेल तर खुणा आधी ठरवा. आमच्याकडे खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश, दोन म्हणजे सोयीने थांबा, आणि सलग थापा म्हणजे ताबडतोब थांबा, अशी पद्धत आहे. त्यामुळे पत्नीला वाऱ्यात ओरडावे लागत नाही आणि मलाही मान वळवावी लागत नाही.

तुम्ही कोल्हापूरला निघाल तेव्हा पहिला थांबा शिरवळला घ्या. पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवर ते येते, आणि तेवढ्या अंतरात कुठे काय टोचते, काय सैल आहे, हे समजून चुकते. काहीही दुखत नसले तरी तिथे उतरा, हेल्मेट काढा, पाणी प्या, आणि कपाळाच्या मधोमध लाल वळ उठला आहे का ते आरशात पाहा. वळ असेल आणि तिथे दुखतही असेल तर ते हेल्मेट तुमच्या डोक्याच्या आकाराचे नाही. तिथून पुढे अर्ध्या-पाऊण तासाने थांबत जा, आणि परतल्यावर दुकानात निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवून पाहिल्याशिवाय नवे घेऊ नका.