घरच्या ब्रॉयलर खाद्याला अमिनो ॲसिडची जोड: पाण्यातून की खाद्यातून?

तुम्ही लिहिलंय की कागलजवळ हजार पक्ष्यांचं शेड आहे, खाद्य घरीच भरडून बनवता, पस्तिसाव्या दिवशीही पक्षी दीड किलोच्या पुढं सरकत नाही आणि दुकानदारानं पाण्यातून द्यायला अमिनो ॲसिडची (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांची) बाटली दिली आहे. ती चालू ठेवावी का? माझं सरळ उत्तर: बाटली बंद करा, अमिनो ॲसिड मात्र सुरू करा, खाद्यातून. मी कोल्हापुरात खाद्य मिसळायच्याच धंद्यात आहे, बाटल्या विकत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

हिशेब मांडून बघा. समजा बाटलीत 100 मिलीला 5 ग्रॅम मिथिओनिन (त्यातलंच एक अमिनो ॲसिड) आहे आणि डोस लिटरला 1 मिली. म्हणजे लिटरभर पाण्यात 50 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम खाद्य खाणारा पक्षी साधारण 200 मिली पाणी पितो, म्हणजे त्याच्या पोटात गेलं 10 मिलिग्रॅम. तेच 100 ग्रॅम खाद्य नीट बनवलेलं असेल तर त्यातून 500 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. कुठं 10, कुठं 500! तुमच्या बाटलीवरचे आकडे घालून हाच हिशेब करा, फार फरक पडायचा नाही.

मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यात आधी तोकडं पडतं मिथिओनिन, मग लायसिन, त्यामागून थ्रिओनिन. ही तिन्ही पक्ष्याला खाण्यातूनच मिळावी लागतात. एक जरी कमी पडलं तरी बाकीची कितीही असू देत, मांस तेवढ्यावरच अडतं. उरलेलं प्रोटीन तुटून युरिक ॲसिड होऊन विष्ठेतून बाहेर पडतं, खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, सकाळी शेडचा पडदा वर केला की अमोनियानं डोळे चुरचुरतात. वजन येईना म्हणून पेंड वाढवत जाणारे बरेच जण मी बघतो. पैसे त्या तुसात जातात, दुसरं काही नाही. पिसं उशिरा येत असतील आणि पक्षी एकमेकांची पिसं टोचत असतील, तर माझा पहिला संशय मिथिओनिनवर.

आता शेंगपेंडीचं. आपल्याकडं ती सहज मिळते म्हणून सोया डीओसीच्या (तेल काढलेल्या सोयापेंडीच्या) जागी घालतात. दोन्हीत प्रोटीन 45 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं वाटतं काय फरक पडतो. पण सोयात लायसिन 2.8 टक्के, शेंगपेंडीत दीडच्या थोडं वर. वर बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, भीती वेगळीच. आणि शेतातलं सोयाबीन कच्चंच भरडून घालत असाल तर आजच थांबवा. त्यातला ट्रिप्सिन रोखणारा घटक भाजल्याशिवाय जात नाही आणि तोवर प्रोटीन पचत नाही. तुम्ही खाद्यात काय काय घालता ते लिहिलं नाहीत, पण दीड किलोवर अडलेला पक्षी म्हटलं की मी आधी हेच विचारतो.

स्टार्टरसाठी (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यासाठी) 100 किलोत मका 57 आणि सोया डीओसी 37 किलो धरा, बाकी तेल, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर), चुनखडीची भुकटी, मीठ, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण). मका आणि सोया मिळून मिथिओनिन भरतं 330 ग्रॅम, लागतं साधारण 550. म्हणून डीएल-मिथिओनिन (बाजारात मिळणारी मिथिओनिनची पावडर) 220 ते 250 ग्रॅम. लायसिन भरतं 1180 ग्रॅम, हवं 1400 च्या आसपास. बाजारातल्या लायसिन एचसीएलमध्ये खरं लायसिन 78 टक्केच, म्हणून 220 ची तूट भरायला 280 ग्रॅम. थ्रिओनिन 100 ग्रॅम. फिनिशरला (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याला) मिथिओनिन 200 ग्रॅम, लायसिन त्याहून कमी. लायसिन एचसीएलबरोबर क्लोराईडही जातं, म्हणून थोडं मीठ कमी करून त्या जागी खाण्याचा सोडा घाला. हात सैल सोडू नका: मिथिओनिन फार जास्त झालं की पक्षी खाद्यच कमी खातो.

ही पावडर ढिगावर टाकून फावड्यानं हलवली तर एका पोत्यात सगळी आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं होतं. आधी बादलीभर बारीक भरड्यात सगळ्या पावडरी नीट मिसळा, मग ते मिश्रण पोतंभर भरड्यात, मग मिक्सरमध्ये.

खरेदी करताना सुटी पुडी घेऊ नका, सीलबंद पोतं घ्या, हवं तर दोघा-तिघांत वाटून. मिथिओनिन पांढरं असतं, गंधकासारखा उग्र वास येतो, पाण्यात कष्टानं विरघळतं. लायसिन एचसीएल पाण्यात चटकन विरघळतं. ग्लासच्या तळाशी चुन्यासारखा गाळ राहिला तर पोतं परत करा.

‘हे केमिकल कोंबडीत उतरतं का’ असंही तुम्ही विचारलंय. सोयात आणि मक्यात आहे तेच हे. लायसिन तर जिवाणूंना साखर, मळी नाहीतर स्टार्च खाऊ घालून आंबवूनच बनवतात. आपल्या ऊसपट्ट्याला त्यात नवल वाटायला नको. इंजेक्शन-हार्मोनच्या गप्पांशी याचा काही संबंध नाही.

पुढच्या लॉटला कंपनीकडून करारावर पक्षी घेणार असाल तर यातलं काहीच करू नका. खाद्य त्यांचं, त्यात हे सगळं आधीच असतं, आणि वरून घातलेल्या बाटलीचे पैसे तुमच्या खिशातून जातात.