जेवणाचं नंतर बघू ताई, आधी ती पॉलिसी

ताई, तुमचा प्रश्न तसा छोटा आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही दोघं जपानला जाताय, किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावात पारंपरिक अतिथिगृहात, म्हणजे र्‍योकानमध्ये २ रात्री राहायचंय, एका रात्रीचे दोन जेवणांसकट माणशी २५ हजार येन आणि नुसतं राहणं माणशी १४ हजार, तर कुठलं घेऊ. सांगतो. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की ट्रिपचे ३ लाख एफडी मोडून बँकेच्या मॅनेजरने सुचवलेल्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकलेत, "एफडीसारखंच आहे, वर्षभरात काढता येतील".

अहो, ती एफडी नाहीये, विमा पॉलिसी आहे. तुम्हीच पाठवलेल्या फोटोत छापलंय, वार्षिक हप्ता ३ लाख, हप्ते ७ वर्षं, मुदत १२ वर्षं. म्हणजे ट्रिपचे पैसे मिळायचे राहिले बाजूला, वर्ष भरलं की दुसरा हप्ता दारात उभा. आणि सगळे भरले तरी काय, २१ लाख घालून १२ वर्षांनी साधारण ३१-३२ लाख. मॅनेजर त्याला दीडपट म्हणतो, ऐकायला मस्त वाटतं, पण पैसा सरासरी ९ वर्षं अडकतो म्हणजे हिशोब वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो, जी मोडलीत ती एफडी याहून बरी होती! हप्ता थांबवलात तर भरलेल्यातला मोठा तुकडा गेला. ट्रिपला जाणाऱ्या माणसाला हे विकायला जीभ कशी रेटते कोण जाणे.

नशीब एवढंच की बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात येऊन अडीच आठवडेच झालेत. फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायचे, ३० दिवस असतात, बाँड मिळाल्यापासून, म्हणजे फार तर बारा दिवस उरले, आणि ईमेलवर आधी आला असेल तर त्याहून कमी. आजच विमा कंपनीला लेखी कळवा की पॉलिसी रद्द करायची, कारण "एफडी सांगून विकली" असंच लिहा, पोच घ्या. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं विमा संरक्षण, एवढंच कापतात. मॅनेजरकडे जाऊ नका, तो "मॅडम पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत दिवस घालवेल. पैसे आले की वर्षभराच्या आतली साधी एफडी, बास.

आता र्‍योकान. बिनजेवणाचं घ्या, त्याला तिकडे सुदोमारी म्हणतात. फरक माणशी ११ हजार, दोघांचे २ रात्रींचे ४४ हजार येन, येन ५८ पैसे धरला तर २५ हजार रुपये. बाहेर खाण्यात ८-१० जातील, पंधराएक वाचतात. पण पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुम्ही दोघं शाकाहारी, आणि तिथलं जेवण म्हणजे मासे, आणि दिसायला निव्वळ भाजी असली तरी खाली बोनिटो मासा उकळून काढलेलं पाणी. ज्याला हात लावणार नाही त्याचे पैसे कशाला भरायचे? गावाची सात सार्वजनिक स्नानगृहं प्रसिद्ध आहेत, र्‍योकानच्या पाहुण्यांना त्यांचा पास मिळतो, सुदोमारी असली तरी पास आहे ना तेवढं बुकिंग करताना विचारून घ्या. युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो, घालून एकातून दुसऱ्यात भटकायचं, खरी मजा ती. फक्त खाण्याची हॉटेलं लवकर बंद होतात, तेव्हा संध्याकाळी सहालाच खाऊन घ्या, आणि थेपले, इन्स्टंट पोहे बरोबर असू द्या, खोलीत गरम पाण्याची किटली बहुतेक असते. बुकिंग आधीपासून सुदोमारीचंच करा, तिथे पोचल्यावर "जेवण नको" म्हणालात तर पैसे परत मिळणार नाहीत. आणि साइटवर दिसणारा भाव खोलीचा आहे की माणशी, तेही नीट बघा.