सुई उडते, काय करू?

प्रश्न : सेकंडहँड टर्नटेबल (तबकडी वाजवायचं मशीन) घेतलंय. स्क्रॅच करताना, म्हणजे वाजती तबकडी हाताने पुढे-मागे करून आवाज काढताना, सुई उडते. क्रॉसफेडर (मिक्सरवरची आवाज चालू-बंद करायची सरकती दांडी) कधी शिकू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : फेडर राहू द्या. आधी नुसता बेबी स्क्रॅच, तबकडी पुढे-मागे, मेट्रोनोम (ताल धरायला ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७० ठोक्यांवर. मी घाईने फेडर धरला आणि तबकडीवरचा हात सहा महिने अडाणीच राहिला.

सुई उडते, कारण तुम्ही तबकडी दाबताय. बोटं हलकी, घड्याळात नऊ वाजतात त्या बाजूला ठेवा. स्लिपमॅटखाली (तबकडीखालच्या घसरत्या चटईखाली) बटरपेपर गोल कापून घाला. तबकडी धरली तरी खालची थाळी फिरतीच हवी. थाळी पट्ट्याने फिरवणारं बेल्टवालं मशीन असेल तर ती अडखळणारच. डायरेक्ट ड्राइव्हच (मोटर थेट थाळीला जोडलेलं) बघा.

न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या डीजे ग्रँड विझर्ड थिओडोरला १९७५च्या सुमारास हा स्क्रॅचचा आवाज गवसला, तो आई ओरडायला आली म्हणून तबकडी हाताने धरली तेव्हा. तुमच्याही घरचे ओरडतीलच. हेडफोन घ्या.